तुमची जांभई, माझी जांभई

पहाटेच्या आळसापासून रात्रीच्या विरजणापर्यंत एक साधा दिवस घ्या. त्यात आपण किती जणांच्या आयुष्याला हात लावतो आणि किती जण आपल्या आयुष्याला, याची ही घड्याळाच्या काट्याबरोबर धावणारी सफर.

सकाळी ६ : जबड्याला कळतं आपलं कोण

'जांभई' हा शब्द नुसता वाचला तरी अनेकांचा जबडा शिवशिवू लागतो. आली तर खुशाल येऊ द्या. बाळ आईच्या पोटात असल्यापासून जांभया देतं, पण दुसऱ्याची बघून जांभई येणं मात्र साधारण चौथ्या-पाचव्या वर्षानंतर सुरू होतं. म्हणजे समोरच्याचं मन ओळखायला लागल्यावर.

इटलीतल्या संशोधकांनी २०११मध्ये एक गोड गोष्ट नोंदवली. घरच्या माणसाची जांभई आपल्याला सगळ्यात जास्त लागते, त्याखालोखाल मित्राची, मग ओळखीच्याची आणि परक्याची सगळ्यात कमी. आपलं कोण आणि लांबचं कोण, याचा हिशेब जबडा परस्पर करून मोकळा होतो!

घरात कुत्रा असेल तर त्यालाही यात धरा. लंडनमध्ये २००८मध्ये झालेल्या प्रयोगात एका माणसाने २९ कुत्र्यांसमोर जांभया दिल्या. त्यातल्या २१ कुत्र्यांनी त्याला जांभईनेच उत्तर दिलं.

सकाळी ६.३० : विनोद संपले, हसू राहिलं

१३ मार्च १९९५. मुंबईतल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांच्यासह अवघे पाच जण हसायला जमले. आधी रोज विनोद सांगायचे. पण पंधरवड्यात विनोदांचा साठा आटला. मग ठरलं की विनोदावाचूनच हसायचं. एकाने मुद्दाम 'हा हा हा' केलं की दुसऱ्याला खरं हसू फुटतं, आणि त्याचं बघून पहिल्याचंही खरं होतं. आज गावोगावच्या बागांतून सकाळी दोन्ही हात वर करून हसणारी जी मंडळी दिसतात, ती या पाचांची पिलावळ. हास्यक्लब मुंबईतून जगभर गेले.

त्यामागचं गणित मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोवाइन यांनी मांडलं होतं. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो.

हसण्याची लागण कधीकधी जड जाते, हेही लक्षात ठेवायला हवं. १९६२च्या जानेवारीत टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) काशाशा गावी मुलींच्या निवासी शाळेत तिघी जणी हसू लागल्या आणि त्यांना ते आवरेना. बघता बघता १५९पैकी ९५ मुलींना ते लागलं. मार्चमध्ये शाळा बंद करावी लागली. मुली घरी गेल्या, तर गावांतही तेच सुरू झालं. त्या हसण्यात आनंद नव्हता. मनावरचा ताण असा बाहेर पडत होता, असं अभ्यासक सांगतात. मूल विनाकारण हसत असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसावं, एवढं तरी काशाशाने शिकवलं.

सकाळी ७ : झरा सातबारा वाचत नाही

नळ सोडला, बादली भरली. आता जरा त्या बादलीच्या खाली, जमिनीच्या पोटात बघू. विहिरी प्रत्येकाच्या वेगळ्या असल्या तरी खालचं पाणी एकच. माझ्या बोअरने ते खोल ओढलं की तुमच्या विहिरीचा तळ उघडा पडतो. जमिनीखालच्या झऱ्याला बांध कळत नाही की सातबारा.

हे ओळखून महाराष्ट्रातल्या दोन गावांनी जे केलं ते मुळातून बघण्यासारखं आहे. १९७२च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. त्यांच्या पाणी पंचायतीने ठरवलं की पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, माणशी वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा. आणि ऊस कुणीच लावायचा नाही.

दुसरं गाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. तिथे पोपटराव पवारांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी आली, मोकाट चराई थांबली, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई झाली. आणि दरवर्षी पावसाळा संपला की गाव एकत्र बसून पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती पडला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कुठली पिकं बसतील. पाऊस कमी झाला असेल तर जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही, हे सगळ्यांसमोर ठरतं. एका शेतकऱ्याने काय पेरायचं यावर शेजारणीचा हंडा अवलंबून असतो, हे या गावात पोराटोरांनाही ठाऊक आहे.

सकाळी ८.३० : पुढे काहीच झालेलं नसतं

वाहतुकीत अर्धा तास अडकलात. पुढे अपघात असेल, रस्ता खणला असेल, असं वाटत राहतं. आणि अचानक कोंडी सुटते, तर पुढे काही म्हणजे काही नसतं! मग अडलं कशाने?

जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००८मध्ये हे कोडं गोल रिंगणात उलगडून दाखवलं. २३० मीटरचा वर्तुळाकार रस्ता, त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सूचना एकच : ताशी ३० किलोमीटरचा वेग ठेवा. ना सिग्नल, ना खड्डा, ना आडवी आलेली म्हैस. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग कुणाचा तरी पाय किंचित ब्रेकवर गेला. मागच्याने थोडा जास्त दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. काही वेळातच गाड्या चक्क थांबू लागल्या. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडी मात्र ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे मागे सरकत होती.

दिलासा देणारा भाग पुढेच आहे. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात नंतर असंच रिंगण करून त्यात एकच स्वयंचलित गाडी सोडली. ती काय करायची? पुढच्याच्या शेपटीला न चिकटता संथ, एका लयीत चालायची. तेवढ्याने लाटा विरल्या, सगळ्यांचे ब्रेक कमी लागले आणि इंधनाचा खर्च ४० टक्क्यांपर्यंत खाली आला. वीस-बावीस जणांत एक शांत चालक पुरला. उद्या सकाळी तो एक आपण होऊ शकतो.

सकाळी ९ : चौथ्या सीटचा कायदा

मुंबईच्या लोकलमधलं बाक तिघांचं. पण त्यावर बसतात चौघं. ही चौथी सीट रेल्वेने दिलेली नाही, ती प्रवाशांनी एकमेकांना दिली आहे.

ती मिळते कशी ते बारकाईने बघा. उभा असलेला जवळ येतो आणि काही बोलत नाही, हाताने नुसतं 'जरा आत' एवढं खुणावतो. खिडकीतला अर्धा इंच सरकतो, मधला एक इंच, कडेचा दोन इंच. चौथ्याची एक मांडी टेकते, दुसरा पाय बाकाबाहेर. बॅग मांडीवर. पुढच्या स्टेशनांवर कुणी उठलं की सगळी रांग खिडकीकडे सरकते, चौथ्याचा तिसरा होतो आणि तिसरा झाल्या झाल्या तो स्वतःच आत सरकून उभ्या माणसाला म्हणतो, 'या, बसा.' दोन मिनिटांपूर्वी त्याला जे मिळालं ते तो लगेच पुढे देतो.

दुसरा अलिखित कायदा म्हणजे 'कुठे उतरणार?' हा प्रश्न. उत्तर 'घाटकोपर' आलं की ती जागा बोलली गेली. ना पावती, ना शिक्का. गर्दीत घुसमटलेल्या शेकडो माणसांमध्ये शब्द पाळला जातो, तो रोज पाळला जात आला आहे म्हणूनच.

सकाळी १०.३० : डब्याला किती हात लागले?

घरच्या भाजीची चव दुपारी ऑफिसात मिळते, त्यामागे एक अख्खी साखळी पळत असते. मुंबईत डबे पोहोचवण्याची पद्धत महादेव हावजी बच्चे यांनी १८९०मध्ये सुरू केली. करोनापूर्वी सुमारे पाच हजार डबेवाले रोज जवळपास दोन लाख डबे नेत-आणत होते. त्यातले बहुतेक जण मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव, खेड या भागांतले.

घरून डबा उचलणारा एक, स्टेशनावर डबे निवडून वेगळे करणारा दुसरा, लोकलमधून नेणारा तिसरा, टेबलापर्यंत पोहोचवणारा आणखी कुणी. रिकामा डबा परत येताना तीच साखळी उलटी. सगळं चालतं ते झाकणावरच्या रंगीत अक्षरांवर आणि आकड्यांवर. कुठून निघाला, कुठल्या स्टेशनवर उतरायचं, कुठली इमारत, कितवा मजला, हे सारं एवढ्याशा जागेत. या साखळीत सगळ्यात मोठी जबाबदारी मात्र डबा भरणाऱ्या हातांची. तिथे पाच मिनिटं उशीर झाला तर गाडी चुकते, आणि तो डबा ज्या इतर डब्यांबरोबर जाणार होता त्या साऱ्यांना थांबावं लागतं.

सकाळी ११.३० : तुमच्या मुलीची टोचणी, शेजारचं तान्हं

गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कुणीच लस घेतलेली नसेल तर, सरासरी १२ ते १८ जणांना गोवर देतो. सर्दी-पडशापेक्षाही हे प्रकरण फार वेगवान. आपल्याकडे गोवराची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. मग त्याआधी त्याला कोण सांभाळणार? आजूबाजूची मोठी मुलं. शंभरातल्या ९५ जणांनी लस घेतली असेल तर गोवराला पुढे जायला वाटच सापडत नाही आणि पाळण्यातलं बाळ सुरक्षित राहतं. तुमच्या मुलीने दंडावर घेतलेली टोचणी ही शेजारच्या तान्ह्याला दिलेली खरीखुरी भेट आहे.

दुपारी १ : वडापावात किती देश?

भूक लागली? एक वडापाव घ्या आणि खाण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्यांनी माणसाळवलेला. मिरचीचं माहेर मेक्सिकोच्या बाजूचं. सुक्या चटणीतला शेंगदाणा पुन्हा दक्षिण अमेरिकेचा. बेसनाचा हरभरा पश्चिम आशियातून आलेला. पाव पोर्तुगिजांचा, शब्दासकट. हे सगळं दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमारास एका गाडीवर एकत्र आलं आणि त्याचं श्रेय अशोक वैद्य यांना दिलं जातं. हजारो वर्षांत न भेटलेल्या शेतकऱ्यांनी मिळून केलेला हा घास आहे.

*तोंडी लावायला शब्द :* पोर्तुगीज शेजारी राहून गेले आणि आपल्या घरात काय काय ठेवून गेले बघा. चावी, साबण, बिजागरी, फीत, घमेलं, लिलाव, नाताळ, काडतूस, तुरुंग आणि महिन्याच्या शेवटी ज्याची वाट बघतो तो पगारसुद्धा! हापूस हे नावही अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून आलं असं मानतात. दोन माणसांनी बाजारात घासाघीस केली, एकमेकांचे शब्द उचलले आणि चारशे वर्षांनी आपण ते मराठी म्हणून जिभेवर खेळवतो आहोत.

दुपारी ३ : सात जणी, ऐंशी रुपये

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं झाली. तेच आजचं 'लिज्जत'. आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास बायका या संस्थेत आहेत. कुणी मालकीण नाही आणि कुणी नोकर नाही, सगळ्या एकमेकींच्या 'बहिणी' आणि नफा-तोटा सगळ्यांचा. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पीठ मळून मिळतं, लाट्या घरी न्यायच्या, पापड लाटून दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे. घरातलं पोळपाट-लाटणं तेच. पण त्या लाटण्यावर कुणाची फी भरली गेली, कुणाचं घर उभं राहिलं.

*जाता जाता भिशी :* दहा जणी दरमहा हजार रुपये काढतात, चिठ्ठी निघते आणि एकीच्या हातात दहा हजार येतात. कागद नाही, जामीन नाही, फक्त 'ती देईल' हा भरवसा. ही युक्ती जगभर माणसांनी योजली. मेक्सिकोत तिला 'तांदा' म्हणतात, घानामध्ये 'सुसू', दक्षिण आफ्रिकेत 'स्टॉकवेल'. नावं वेगळी, चिठ्ठी तीच.

दुपारी ४ : नसांतून वाहणारी ओळख

१९५२मध्ये मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवलाचा रक्तगट सापडला. त्याचं नावच पडलं 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. साध्या चाचणीत तो 'ओ'सारखा दिसतो, पण या माणसाला 'ओ' गटाचंही रक्त चालत नाही. त्याला हवा असतो दुसरा बॉम्बे गटवालाच. भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. म्हणून या गटाच्या माणसांची एक अदृश्य भावकीच तयार झाली आहे. फोन आला की कुठल्या तरी शहरातला कुणी अनोळखी माणूस कपडे घालून निघतो.

आणि ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन. चौदा वर्षांचे असताना छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि इतरांच्या रक्ताने ते वाचले. मोठं झाल्यावर त्यांनी रक्त द्यायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की त्यांच्या रक्तद्रवात एक दुर्मीळ प्रतिपिंड आहे. आई 'आरएच निगेटिव्ह' आणि बाळ 'पॉझिटिव्ह' असलं की पोटातल्या बाळाला जो धोका होतो, त्यावरचं औषध त्यापासून होतं. १९५४ ते २०१८ या काळात त्यांनी १,१७३ वेळा दान केलं. सुमारे २४ लाख बाळांना त्याचा उपयोग झाला. २०२५मध्ये ते गेले. चौदाव्या वर्षी त्यांना रक्त देणाऱ्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. पण या २४ लाखांमध्ये त्यांचाही वाटा आहे.

संध्याकाळी ५ : एक जण वर बघतो...

न्यू यॉर्कचा वर्दळीचा पदपथ, साठच्या दशकाचा शेवट. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या सांगण्यावरून एक माणूस उभा राहून समोरच्या इमारतीच्या खिडकीकडे बघू लागला. वर काहीच नव्हतं. तरी जाणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांनी मान वर केली. मग पंधरा जण उभे केले, तर ८६ टक्के लोकांनी वर बघितलं आणि ४० टक्के चक्क थांबले.

याचा उपयोग चांगल्या कामालाही होतो. रस्त्यात कुणी चक्कर येऊन पडलं की गर्दी नुसती बघत राहते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत असतो. एकाने गुडघे टेकून 'पाणी आणा' म्हटलं की दहा हात पुढे येतात. तो पहिला गुडघा फार मोलाचा.

संध्याकाळी ६ : पूल डोलू लागला

१० जून २०००. लंडनमध्ये थेम्स नदीवरचा नवा मिलेनियम पादचारी पूल खुला झाला. हजारो माणसं हौसेने चालायला आली आणि पूल आडवा डोलू लागला. झालं असं की पूल जरासा हलला म्हणून माणसं पाय फाकवून तोल सावरू लागली, आणि तसं चालल्याने पुलाला आणखी धक्के बसू लागले. पूल माणसांना चालवत होता आणि माणसं पुलाला! दोन दिवसांत तो बंद करावा लागला. हादरे शोषणारी यंत्रणा बसवून २००२मध्ये पुन्हा उघडला.

संध्याकाळी ७ : टाळी आणि श्वास

नाटक संपलं. आधी टाळ्यांचा नुसता कडकडाट, आणि थोड्या वेळाने कुणी न सांगता सगळ्यांची टाळी एकाच ठेक्यात. रुमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांत याचं ध्वनिमुद्रण करून अभ्यास झाला. ठेका जुळण्यासाठी प्रत्येक जण आपल्या टाळीचा वेग जवळपास निम्मा करतो. म्हणजे एकत्र येण्यासाठी थोडं हळू व्हावं लागतं.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या अभ्यासकांनी २०१३मध्ये एकत्र गाणाऱ्यांची हृदयं मोजली. ओळ एकाच जागी संपते, श्वास एकाच जागी घेतला जातो, म्हणून हृदयाचे ठोके एकत्रच वाढतात आणि एकत्रच उतरतात. दिंडीतला टाळकरी हे यंत्राविना जाणतो. वारीत तर अनोळखी माणूसही 'माउली', आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. आधी कोण वाकलं याची नोंद कुणी ठेवत नाही.

रात्री ८ : तुमचं बटण, सोलापूरची तार

तुम्ही गीझर लावता त्या क्षणी देशात कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावीच लागते, कारण तारांमधली वीज साठवून ठेवता येत नाही. सगळ्या देशाची वीज सेकंदाला सुमारे पन्नास स्पंदनांच्या ठेक्यावर चालते. मागणी वाढली की ठेका किंचित मंदावतो, घटली की वाढतो. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही महावाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं बाकी देशाशी एकरूप झालं. तेव्हापासून काश्मीरचा पंखा आणि कन्याकुमारीचा मिक्सर एकाच तालावर फिरतात.

४ जुलै १९९०ला विश्वचषक फुटबॉलच्या उपान्त्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून हरलं. सामना संपताच ब्रिटनमधली घरंच्या घरं चहाचं आधण ठेवायला उठली आणि विजेची मागणी एकदम २,८०० मेगावॉटने उसळली!

आपल्याकडे याच्या उलटं घडलं. करोनाच्या काळात, ५ एप्रिल २०२०ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घराघरांतले दिवे मालवून पणत्या लावल्या गेल्या आणि विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने कोसळली. जाळं टिकलं, कारण जलविद्युत केंद्रांतले आणि नियंत्रण कक्षांतले लोक डोळ्यांत तेल घालून बसले होते. आपण पणती लावत होतो तेव्हा ते ठेका सांभाळत होते.

रात्री ९ : 'तुमचं गाव कुठलं?'

दोन मराठी माणसं परक्या शहरात भेटली की पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा, आणि तिसऱ्यात 'अहो, मग ते आमच्या मावशीच्या जावेचे...' इथपर्यंत गाडी येते. हंगेरीचे लेखक फ्रिजेश करिन्थी यांनी १९२९च्या एका कथेत हीच कल्पना मांडली होती की पृथ्वीवरचा कुठलाही माणूस पाच ओळखींच्या अंतरावर आहे. पुढे अमेरिकेत मिलग्रॅम यांनीच पत्रं पाठवून ती तपासली. ओळखीच्या माणसाकरवीच पत्र पुढे द्यायचं, ही अट. २९६पैकी ६४ पत्रं पोहोचली आणि मध्ये सरासरी पाचच माणसं होती. फेसबुकने २०१६मध्ये आपल्या १५९ कोटी सदस्यांवर हिशेब केला, तर सरासरी अंतर निघालं ३.५७. मावशीची जाऊ खरंच फार लांब नसते.

*आणि एक गंमत :* समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१मध्ये दाखवून दिलं की बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्याहून जास्त मित्र असतात. ज्याचा गोतावळा मोठा तो अनेकांच्या यादीत येतो, एवढं साधं कारण. तेव्हा 'सगळ्यांना माणसं आहेत, मीच एकटा' असं रात्री वाटलं, तर हे गणित आठवा. तसं बहुतेकांना वाटतं आणि त्यात तुमची काही चूक नाही.

रात्री १० : चमचाभर विरजण

दिवस संपला. ओट्यावर कोमट दूध आहे, बोट घातलं तर सोसवेल एवढं. मागच्या आठवड्यात आमचं दही तारेला आलं, म्हणून वाटी घेऊन वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. त्यांनी चमचाभर विरजण दिलं. ते त्यांनी दिवाळीत साताऱ्याहून, बहिणीच्या घरून आणलेलं. बहिणीकडे ते सासूच्या काळापासून चालत आलेलं.

त्या एका चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ते रात्रभर दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि सकाळी दूध सुरीने कापावं असं लागतं. दह्यातला असा एक जिवाणू बल्गेरियाच्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या विद्यार्थ्याने १९०५मध्ये जिनिव्हात सूक्ष्मदर्शकाखाली शोधला. घरचं दही हातात घेऊन तो शिकायला गेला होता म्हणतात. आपल्या बायका मात्र त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ही वंशावळ वाटीवाटीने पुढे नेत होत्या. साताऱ्यातल्या ज्या सासूबाईंना मी कधी पाहिलं नाही, त्यांनी जपलेली आंबटगोड चव आता माझ्या ताटात येते.

विरजण लावलं, वरून झाकण ठेवलं. काकूंची वाटी घासून पालथी घातली आहे. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, हे आजीने फार लहानपणी शिकवलं होतं. उद्या सकाळी तिच्यात चार मेथीचे लाडू घालून वर जाईन. काकूंची नात आलेली आहे. एक लाडू ती नक्की घेईल, आणि बहुतेक मैत्रिणीसाठी दुसराही.